जाणाऱ्यांचा नाताळ

"लई गप हाय गं पोरगी. परदेशात जाऊन बोलंल कुनासंगं?"

"बोलंल की कंप्युटरसंगं. त्याचेच तर पैसे देतेत तिला."

मी त्या दोघींपासून दोन हातांवर बसले होते. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीला अशी मराठी कळत नाही, असं त्यांना वाटत असावं. मी मान खाली घालून करंजीच्या कडेवरून कातण फिरवत राहिले. हे काम मला शिक्षा म्हणून मिळालं होतं. आधी मला भरायला बसवलं होतं, पण माझी पहिलीच करंजी तेलात उघडली आणि सारण कढईभर पसरलं. तेल गाळून घ्यावं लागलं. कोणी रागावलं नाही. फक्त माझ्या हातातलं ताट काढून घेतलं आणि कातण दिलं.

ऑक्टोबर चालू होता. अंगणातल्या कडुनिंबाला कागदाची लाल चांदणी टांगलेली होती. तिच्याखाली दहा-बारा बायका नाताळचा फराळ करत होत्या आणि ऊन असं, की मळलेल्या पिठावरचं ओलं फडकं सारखं भिजवावं लागत होतं.

हे गाव बीड जिल्ह्यात, सिरसाळ्याहून आत आहे. नाव लिहीत नाही. "गावाचं नाव टाकू नको, उगं लोक फोटो काढायला येतेत," असं मी जिच्याकडे उतरले होते त्या मालनमावशीनं बजावलं आहे. गावात ख्रिस्ती घरं तीसेक. त्यातली निम्मीअधिक माणसं दिवाळीच्या आगेमागे ऊस तोडायला जातात, कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात, आणि उन्हाळा लागल्यावर परत येतात. पंचवीस डिसेंबरला गावात उरतात ती म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं. त्या दिवशी तरणे आईबाप कुठल्या तरी फडात मोळ्या बांधत असतात. कारखान्याला नाताळची सुट्टी नसते. म्हणून इथं नाताळ दोनदा होतो. डिसेंबरचा राहणाऱ्यांचा, आणि त्याआधी, ट्रक यायच्या आदल्या रविवारी, हा जाणाऱ्यांचा. कधीपासून, ते कोणालाच सांगता आलं नाही. "आमी बघतोय तवापासनं हायेच," एवढंच.

पुण्यातल्या आमच्या चर्चमध्ये नाताळ म्हणजे गायनमंडळाचा महिनाभर सराव, नवे कपडे आणि बेकरीसमोरची रांग. मी इथंही एक प्लम केक घेऊन आले होते. बीडला बस बदलताना कोणीतरी त्यावर पत्र्याची पेटी ठेवली. मावशीनं चेपलेला खोका उघडून पाहिला, चमचा आणला आणि तो केक वाट्यांमधून वाढला. सगळ्यांनी "शिरा चांगला झालाय" म्हणून खाल्ला.

मालनमावशी माझी सख्खी मावशी नाही. ती आणि मम्मी एकाच हॉस्पिटलात सिस्टर होत्या. मध्ये काही वर्षं ती आखातातही नोकरी करून आली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर सगळ्यांनी पुण्यात फ्लॅट घे म्हटलं, तर ही उठून आपल्या जन्मगावी आली. आमच्या घरी तिचं नाव निघालं की पप्पा म्हणत, "हुशार बाई, पण वाया गेली."

मी का आले होते, ते आता सांगून टाकते. मी एका मोठ्या कंपनीत काम करते. चार वर्षांत तीन बढत्या मिळाल्या आणि या सप्टेंबरात आयर्लंडच्या ऑफिसात बदली. पप्पांनी रविवारच्या उपासनेत उभं राहून देवाचे आभार मानले. टाळ्या वाजल्या. पाळकांनी मला पुढं बोलावून सांगितलं, की देव आपल्या लेकरांना असंच उंचावर नेतो. मी हसले. मला हसता येतं. पण आत काहीतरी सतत हलत होतं, जसं रिकामं कपाट जिना चढवताना आतल्या खुंट्या वाजतात तसं. प्रत्येक बढतीच्या वेळी मला वाटायचं, पुढच्या पायरीवर देव उभा असेल. पंधरा दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तोच आवाज. टाळ्यांच्या दुसऱ्या दिवशी मी कंपनीला "मला जायचं नाही" असं कळवलं. आमच्या मॅडमना ते पटलं नाही. त्यांनी विचार करायला मुदत दिली, ती सोमवारी संपत होती.

घरी हे कोणालाच माहीत नव्हतं. "जाण्याआधी मालनमावशीला भेटून येते," असं सांगून मी निघाले होते. त्या वाक्यातलं "जाण्याआधी" खोटं होतं, आणि ते माझ्या आधीच गावात पोचलं होतं. मम्मीनं फोन केला होता.

शनिवार, सकाळ

मला एका जागी बसवत नव्हतं. सकाळपासून तीन वेळा चर्चच्या ओट्यापर्यंत जाऊन आले, कारण फोनला तिथंच रेंज येते. मॅडमचा मेसेज होता: नीट विचार कर, अशी संधी परत येत नाही. पप्पांचा होता: मोठी बॅग घेतली, निळी, चालेल ना. मी पप्पांना अंगठा पाठवला. मॅडमना काहीच नाही.

परत आले तर मावशीच्या ओसरीवर पाच-सहा म्हातारी माणसं पाय सोडून बसली होती. दर शनिवारी मावशी त्यांचं बीपी बघते, गोळ्या मोजून देते आणि पायाची नखं कापते. नखं का, ते मला आधी कळेना. मग लक्षात आलं, की यांना वाकता येत नाही, नीट दिसत नाही, आणि ज्यांनी कापून द्यायची ती मुलं-सुना सहा महिने गावात नसतात. वाढलेलं नख बोटात रुततं, जखम होते, साखर असली तर ती चिघळते. मावशी घमेल्यात कोमट पाणी घेते, पाय भिजवते, मग कापते.

"उभी काय राहिलीस? बस," म्हणाली आणि एक नेलकटर माझ्याकडे फेकलं.

"मला येत नाही, मावशी."

"स्वतःची कोन कापतं? पप्पा?"

माझ्या वाट्याला यशवंतबाबा आले. वय ऐंशीच्या पुढं, अंगावर पांढरं धोतर, पाय भेगाळलेले. मला खरं सांगायचं तर किळस आली. ती चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी श्वास रोखून धरला आणि दुसऱ्याच बोटाला चिमटा बसला. रक्ताचा ठिपका आला.

"आई गं!" मीच ओरडले.

"तू कावून वरडतीस? बोट माजं हाय," यशवंतबाबा म्हणाले. मग शेजारच्याला, "पुन्याची डॉक्टरीन हाय बरं. आपरेशन चालू हाय."

"भूल दिली का?" शेजारचा.

"द्यायची राहिली."

सगळे हसले. मीही हसले, आणि हे हसू मला करावं लागलं नाही. मग मी हळूहळू नऊ बोटं केली. नख कसं धरायचं, कोपरा कुठं सोडायचा, ते मावशी लांबूनच सांगत होती. शेवटी बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून "सलाम, बाई" म्हटलं आणि काठी शोधू लागले. त्या तासाभरात मी एकदाही फोन पाहिला नव्हता. हे लक्षात आल्याबरोबर मात्र पाहिला.

घमेलं धुताना मी मावशीला विचारलं, "आखातातून परत का आलीस?"

"तिकडं करमत न्हवतं असं वाटतंय का तुला? लई करमायचं. एसी होता. मला एसी लई आवडतो."

"मग?"

"माज्या आईच्या पायाला जखम झालती. मी तिकडं लोकांच्या आयांच्या पट्ट्या करत हुते." तिनं घमेलं उपडं घातलं. "त्यात काई पाप न्हवतं. पर मला झोप येईना. तुला येती का?"

मी "येते" म्हणाले. आणखी एक खोटं.

दुपारी तिनं मला एक कोरा कागद दिला. जाणाऱ्यांची यादी करायची होती: नाव, कुठं चालले, आणि प्रार्थनेसाठी विनंती काय. रविवारी पाळकसाहेब ती यादी वाचतात. जाणारे पुढं गुडघे टेकतात, राहणारे त्यांच्यामागं उभे राहून डोक्यावर हात ठेवतात. "तू शिकलेली, तूच लिही," मावशी म्हणाली. माझं देवनागरी अक्षर चौथीतल्या मुलीसारखं आहे आणि वेगही तेवढाच. पण घरोघर फिरले. लोक विनंत्या पटकन सांगत, जणू वर्षभर पाठ केल्या होत्या. कोयता लागू नये. खोपीत साप येऊ नये. मुकादम शिव्या देणारा नसावा. नवऱ्यानं पिऊ नये ("हे मोठ्यानं वाचाय लावा"). माझं नाव मी लिहिलं नाही.

शनिवार, माजलगाव

काल "कंप्युटरसंगं" म्हणणारी बाई रूथा. ती माझ्याच वयाची, किंवा एखाद्या वर्षानं लहान. तिला माजलगावच्या बाजारातून हातमोजे आणि लेकीसाठी झबलं घ्यायचं होतं, आणि मावशीनं मला तिच्यासोबत धाडलं. जीपमध्ये आम्ही दोघी मागं, मध्ये खताच्या गोण्या. रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊस सुरू झाला. मला तो हिरवा आणि सुंदर दिसला, तसं मी म्हणालेही.

"पात्याला हात लावून बघ," रूथा म्हणाली. "ब्लेड हाय ते. आन् हितं एवढा ऊस हाय तर आमी तिकडं कावून जातो म्हनशील. मुकादम न्हील तिकडं जायचं."

तिनं मला कोयत्याचा हिशेब समजावला. फडात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून. "मंजी मी अर्धा कोयता. तू?"

जीप थांबली तशी ती आधी उतरली.

बाजारात तिनं मोज्यांच्या पाच जोड्या उलट्यापालट्या करून पाहिल्या. मग उसाच्या रसाच्या गाडीसमोर थांबून ती म्हणाली, "मी पाजते तुला. मी तोडलेला नसला तरी आपलाच हाय." रस पिताना मी यादीतली रिकामी जागा दाखवून तिची विनंती विचारली. तिची लेक दीड वर्षाची, सासूपाशी ठेवून जाणार होती.

"लिही," ती म्हणाली. "पोरीनं मला वळखावं. औंदा उन्हाळ्यात परत आले तर माज्याकडं येईना. रडली. दोन दीस सासूच्या पदरामागनं बघत हुती."

मी लिहिलं. काय बोलतेय ते कळायच्या आत मी बोलून गेले, "रूथा, मी आयर्लंडला जात नाहीये. नाही म्हणून कळवलंय. घरी कुणाला सांगितलेलं नाही."

तिनं पेला तोंडापासून खाली घेतला.

"आजारी हायस का?"

"नाही."

"कोनी तरास देतं का तितं?"

"नाही गं. चांगली माणसं आहेत."

"मग कावून?"

मी चाचरत काहीबाही सांगितलं. की पगार वाढतो आणि मी कमी होत जाते. की प्रार्थना करताना मी देवाला माझा बायोडेटा वाचून दाखवते आहे असं वाटतं. की हे असंच वर वर जात राहिलं तर एक दिवस मी पोचेन आणि तिथं कोणीच नसेल. बोलताना ते शब्द मलाच पोकळ वाटत होते, कारण समोर अर्धा कोयता उभा होता.

रूथा हसली. मग तिचं हसू गेलं.

"तुला 'न्हाई' म्हनता येतं," ती म्हणाली. "आमी न्हाई म्हनलं तर मुकादम दारात येतो. त्याची उचल घेतलीय, आगाऊ पैसं; शबुद दिलाय. तुला येतं, तर म्हन बाई, खुशाल म्हन. देवानं ते तरी तुला दिलंय." तिनं पेला गाडीवर ठेवला. "पर मग उद्या आमच्यात गुडघे टेकू नको. जानाऱ्यांसाठी लोक रडून प्रार्थना करतेत. ती उगं घ्यायची नसती."

परतीच्या जीपमध्ये ती झोपली, किंवा झोपल्यासारखं केलं. मी यादीची घडी उघडत आणि मिटत राहिले.

रविवार

चर्च म्हणजे एक लांबट खोली, वर पत्रा. चपला बाहेर, खाली सतरंज्या, एका बाजूला बाप्ये, दुसऱ्या बाजूला बायका. पुढं मातीची गव्हाण केली होती आणि तिच्याशेजारी फडक्यात गुंडाळलेले कोयते एकावर एक रचले होते. खंडेनवमीला गावातले बाकीचे लोक हत्यारांची पूजा करतात. आमची माणसं करत नाहीत. "पुजायचं न्हाई," मावशी कानाशी म्हणाली. "नुसतं देवाला दावायचं, हे घिऊन चाललो म्हनून."

पाळकसाहेब पाच गावं सांभाळतात. मोटरसायकलवरून आले ते धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. नाताळची गाणी झाली, ढोलकी आणि टाळ्यांवर, मला माहीत असलेल्या चालींच्या दुप्पट वेगानं. मग त्यांनी मेंढपाळांवर प्रवचन केलं.

"देवदूत आले, उजेड पडला, बाळ बगितलं. बरं, मेंढपाळांना काय मिळालं?" त्यांनी विचारलं.

त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"पगार वाढला?"

"न्हाई!"

"मुकादम बदलला?"

"न्हाई!" आता सगळेच हसत होते.

"सकाळी परत तीच मेंढरं. तीच थंडी. काईच मिळालं न्हाई. पर जाताना ते गात गेले, येताना गात आले न्हवते. मधी कुनीतरी भेटलं हुतं. ते भेटलं नसतं आन् हजार मेंढरं मिळाली असती, तरी ते मुक्यानंच परत गेले असते."

मी हे वाक्य फोनमध्ये लिहून घ्यावं म्हणून हात खिशाकडे नेला आणि मागे घेतला.

बाहेर मटणाच्या रश्शातल्या येसर मसाल्याचा वास सुटला होता. लेकरं चुळबुळ करत होती. मीही. पाळकसाहेबांनी यादी हातात घेतली तसे जाणारे उठून पुढं गेले आणि दोन रांगांत गुडघे टेकून बसले. राहणारे त्यांच्यामागं. यशवंतबाबा आपल्या लेकामागं काठी टेकून उभे राहिले. रूथाच्या मागं तिची सासू, कडेवर लेक. डोक्यावर ठेवायला एकच हात मोकळा.

मग मावशीनं आपला फोन दानपेटीला टेकवून उभा केला. पडद्यावर पप्पा आणि मम्मी दिसत होते, घरच्या सोफ्यावर, मम्मीनं डोक्यावर ओढणी घेतलेली. आमच्या नेहमीच्या उपासनेला न जाता ते या उपासनेत बसले होते. मावशी माझ्याकडे बघून आनंदानं मान हलवत होती. तिनं मला भेट दिली होती.

पाळकसाहेब एकेक नाव आणि विनंती वाचत गेले. "नवऱ्यानं पिऊ नये" ला मोठा हशा झाला आणि नवऱ्यानं कान धरले. रूथाचं वाचताना ते थांबले, चष्मा काढून पुसला, मग पुढं वाचलं.

कागदाच्या तळाशी मावशीच्या वळणदार अक्षरात एक ओळ होती. ती मी लिहिलेली नव्हती.

"शारोन, परदेशी चालली. विनंती: देवानं तिला तितं सांभाळावं," पाळकसाहेबांनी वाचलं. "ये बेटा."

बायकांनी सरकून रूथाशेजारी जागा केली. रूथानं मान वर केली नाही. माझ्यामागं उभं राहायला मावशी पदर सावरत पुढं आलीच होती. तिचे डोळे आधीच भरले होते. गुडघे टेकले असते तर अर्ध्या मिनिटात सगळं संपलं असतं; लोक माझ्यासाठी मनापासून रडले असते, पप्पांचा चेहरा तसाच राहिला असता, आणि सोमवारी मी मॅडमना काहीही कळवू शकले असते. मी चालत पुढं गेले आणि त्या जागेपाशी थांबले. पाय वाकवले नाहीत.

"बस, बेटा," पाळकसाहेब म्हणाले.

फोनमध्ये पप्पांनी डोळे मिटले होते, हात जोडले होते. रेंज गेल्यामुळे ते तसेच गोठले होते की खरंच प्रार्थनेत होते, मला कळेना. मी आजवर एवढ्या लोकांसमोर एकही वाक्य बोलले नव्हते. आवाज निघाला तो फार मोठा.

"मी जात नाही," मी म्हणाले. "पप्पा, मम्मी, ऐकू येत असेल तर ऐका. मी कंपनीला नाही म्हणून कळवलंय, तुम्ही आभार मानलेत त्याच्या दुसऱ्या दिवशी. उद्याही तेच कळवणार आहे. मी आजारी नाही, कोणी त्रास दिला नाही, आणि पुढं काय करायचं ते मला अजून माहीत नाही. तुमच्याशी खोटं बोलले, त्याची माफी मागते. मावशी, तुझीही. या सगळ्यांना जावंच लागतं. मला 'नाही' म्हणता आलं, म्हणून मी यांच्यात बसू शकत नाही. पाळकसाहेब, माझं नाव खोडा. मी राहणाऱ्यांतली आहे. रूथा, तुझ्या डोक्यावर हात ठेवू का?"